शंकाबाईंचा प्रश्न

विभागात तिला सगळे शंकाबाई म्हणत. संगणकशास्त्राच्या त्या मजल्यावर दर गुरुवारी दुपारी कुणा ना कुणाचं संशोधनावर व्याख्यान असे, आणि वक्ता "काही प्रश्न?" म्हणाला रे म्हणाला की मागच्या रांगेतून हिचा हात वर. "हा आकडा इतका चांगला कसा आला?" एवढंच विचारायची, पण भल्याभल्यांची भंबेरी उडायची. ज्या नमुन्यांवर प्रोग्रामची परीक्षा घ्यायची तेच त्याला आधी दिसले असतील तर त्याला गुण चांगले पडणारच, आणि अशी चोरी पकडण्यात हिचा हातखंडा. त्या धंद्यात संशय हा सद्गुणच. पण गेला आठवडाभर तो तिच्या घरात पाय पसरून बसला होता.

निमित्त झालं सूचना फलकावरच्या एका कागदाचं. पुढच्या व्याख्यानाचा विषय होता, अर्धांगवायूनंतर अडखळत बोलणाऱ्या माणसांचं बोलणं संगणकाला कसं समजावं. हा तर तिच्या पीएचडीचा विषय! वक्ते दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक. आणि तिचा नवरा, जो याच इमारतीत खालच्या मजल्यावर नेटवर्क सांभाळायचा, तो गेल्याच महिन्यात त्यांच्याच विद्यापीठात नोकरीसाठी मुलाखत देऊन आला होता. तिथेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली: नोकरीसाठी यानं माझं काम तिकडे पोचवलं तर नसेल?

मग काय, सुतावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ लागतो? फोन आला की हा गॅलरीत जातो. का? अभ्यासासाठी टिपलेल्या आवाजांची हार्ड डिस्क कुठं ठेवलीस, असं त्यानं मध्ये सहज विचारलं होतं. सहज? मुलाखत कशी झाली, तर म्हणे बरी झाली. बरी म्हणजे काय? तो ओट्याशी कांदा चिरत असला की ती दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राही, आणि त्यानं वळून "काय गं?" म्हटलं की "कुठं काय," म्हणून आत निघून जाई. जगाला धारेवर धरणारी ही बाई नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारत नव्हती. तो खोटं बोलेल आणि ते आपल्याला कळेल, याची तिला भीती वाटत होती.

गुरुवारी सभागृह भरलं. एरवी व्याख्यानांकडे न फिरकणारा तिचा नवरा पुढच्या रांगेत कडेला येऊन बसला. ती मनाशी म्हणाली, पाणी मुरतंय.

पाहुणे छान बोलत होते. आलेख झाले, तक्ते झाले. मग ते म्हणाले, "आता एक नमुना ऐकवतो," आणि त्यांनी बटण दाबलं.

"बा... बाळा, खि... खिडकी लाव. वारा ला... लागतोय."

तिच्या सासूबाईंचा आवाज सभागृहभर घुमला. सासूबाई जन्मभर शाळेत शिकवत आल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आपल्या बोलण्याची त्यांना इतकी लाज वाटे की सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी त्या घेत नसत. सुनेच्या अभ्यासाला मदत म्हणून त्यांनी मुलाला आवाज टिपू दिला होता, तोही एकाच अटीवर. हे घराबाहेर जाता कामा नये.

पडद्यावर त्यांचं वाक्य बिनचूक उमटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो मान वळवून तिच्याकडेच बघत होता. सापडला, असं तिला वाटलं. ते आवाज त्या दोघांखेरीज कुणाकडेच नव्हते.

प्रश्नांची वेळ होण्याआधीच ती उठली. "हा आवाज तुम्हाला कुणी दिला?"

"दिला असं नाही..."

"या सभागृहातल्याच कुणी दिलाय का? नाव सांगायला काय हरकत आहे?" आणि ती नवऱ्याकडे इतका वेळ रोखून बघत राहिली की दोन-तीन माना तिकडे वळल्या. तिथं प्रश्न आकड्यांवर विचारायची रीत होती, माणसांवर नव्हे.

पाहुणे गोंधळले. "अहो, हा संग्रह खुला आहे," म्हणत त्यांनी इंटरनेटवरचं एक पान उघडलं. वर ठळक अक्षरांत तिचंच नाव होतं.

इतरांना पडताळून बघता यावं म्हणून शोधनिबंधासोबत आवाजही खुले ठेवायचा नियम होता. ज्या रुग्णांनी परवानगी दिली होती त्यांचं फोल्डर वेगळं, घरचं वेगळं, आणि दोन्ही एका मोठ्या फोल्डरच्या पोटात. मुदत संपत आली होती त्या दुपारी घाईघाईत तिनं ते मोठं फोल्डरच उचलून चढवलं होतं. तेव्हापासून सासूबाई साऱ्या जगाला खिडकी लावायला सांगत होत्या.

"उत्तम संग्रह आहे," पाहुणे मनापासून म्हणाले. "आम्ही आमच्या प्रोग्रामला त्यावरच शिकवलं."

म्हणजे त्यांचा प्रोग्राम हे वाक्य आधीच घोकून आला होता. एरवी तिनं पाहुण्यांची पळता भुई थोडी केली असती. आज ती मुकाट्यानं खाली बसली.

"शंकाबाई, स्वतःलाच पकडलंत की!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

नवरा तिला बाहेर जिन्यापाशी भेटला. मुलाखतीत त्या प्राध्यापकांपाशी तो बायकोच्या कामाचं कौतुक करून आला होता, आणि आज त्यांची तिच्याशी ओळख करून द्यायला आला होता. हे त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"तुला वाटलं, नोकरीसाठी मी आईचा आवाज विकला."

"हो," ती म्हणाली.

"मग घरी का नाही विचारलंस?"

"तू खोटं बोलशील असं वाटलं."

त्यानं मान हलवली, जणू कुणीतरी त्याला किती वाजले ते सांगितलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते पान मी आत्ता काढून टाकते," ती म्हणाली. "आणि आईंना मीच सांगते. आजच. चूक माझी आहे."

"तू नको सांगूस." तो दोन पायऱ्या उतरून थांबला. "तुला रडू येईल, आणि मग आई तुझीच समजूत घालत बसेल. धड बोलता येत नसताना."