बैठकीच्या खोलीतला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि खरे सांगायचे तर थोडा तिरसटही आहे. पितळेची मान, लोखंडी पाय आणि खाली एक गोल आरसा, एवढाच माझा संसार. मला वीज लागत नाही. खिडकीतला उजेड आरशात पकडला की माझे काम सुरू.

मित्रांनो, माझ्या कंपनीत यीस्टकडून औषध बनवून घेतात. हो, तेच पाव फुगवणारे यीस्ट! सुरुवातीला कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक शास्त्रज्ञ बाई, त्यांची मदतनीस ताई आणि मी. बाईंचा एक नियम होता. कंपनीत जो नवा येईल, मग तो रखवालदार का असेना, त्याने माझ्यातून पाहायचे, दिसेल ते वहीत काढायचे आणि खाली सही करायची. रखवालदाराने गोल गोल मणी काढले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "शाब्बास! यीस्ट असंच दिसतं." त्या दिवशी माझी मान ताठ झाली होती.

पुढे बाई वारल्या आणि कंपनी मोठी झाली. ताईला तपासणीच्या खोलीत नवा सूक्ष्मदर्शक मिळाला. मला मात्र बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, मानाने ठेवले. कसला मान! नऊ वर्षे कुणी माझ्यातून पाहिले नाही. नव्या माणसांकडून वहीत नुसती सही घेत. कोंदट हवेत माझ्या भिंगावर बुरशी चढली. जन्मभर दुसरीकडची बुरशी दाखवली आणि आपल्या डोळ्यातली कुणाला सांगता येईना. फार वाईट वाटायचे.

गेल्या महिन्यात संचालक मंडळावर दोन नवे सदस्य नेमले गेले. एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, दुसऱ्या होत्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. त्याच बैठकीत एक ठराव यायचा होता. यापुढे तपासणी संगणकाच्या आकड्यांवरच होईल, डोळ्यांनी पाहणे बंद आणि ताईची खोलीही बंद. यीस्टमध्ये परका जंतू शिरला नाही ना, हे ताई सव्वीस वर्षे रोज सकाळी पाहत आली होती. आता ती घरी जाणार होती.

अध्यक्षांना बाईंचा जुना नियम पाळतानाचा फोटो हवा होता. म्हणून मला खिडकीपाशी मांडले आणि ताईला यीस्टची काचपट्टी घेऊन बोलावले. साहेब वाकले. बराच वेळ पाहून त्यांनी वहीत लांब, वाकडे, काळे धागे काढले.

"वा! काय सुरेख यीस्ट आहे!" अध्यक्ष म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मग मेट्रनबाई वाकल्या. "मला काहीच दिसत नाही. नुसतं धुकं आहे."

"नीट बघा ना. साहेबांना दिसलंच की!" अध्यक्ष म्हणाले.

"दिसलं नाही ते दिसलं कसं म्हणू?" त्यांनी कोऱ्या पानावर सही केली आणि ताईला विचारले, "तुम्ही सांगा हो, हे धागे कसले?"

ताई पुढे झाली. "साहेब, राग मानू नका. त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा फार जवळ नेला की दिसतात. भिंगावर बुरशी चढलीय, दुसरं काही दिसणारच नाही."

साहेबांचे कान लाल झाले. मला वाटले, संपली आता ताई. पण साहेब एकदम हसत सुटले. "चाळीस वर्षं लोकांचे कागद तपासले, आणि आज स्वतःच्या पापण्यांवर सही ठोकली!" मग ते गंभीर झाले. "आणि आपण सगळ्यांनी वाहवा केली. चूक ओळखली ती या ताईंनी. त्यांनाच घरी पाठवायचं?"

चित्राखाली त्यांनी स्वतःच लिहिले, 'या माझ्या पापण्या'. ठराव बारगळला.

त्याच दुपारी ताईने मला आपल्या खोलीत नेऊन पुसले. बुरशीने काच थोडी खाल्ली आहे, कडेचा डाग आता जायचा नाही. मधून मात्र स्वच्छ दिसते.

मित्रांनो, जुन्या वस्तू कपाटात कोंडून त्यांचे कौतुक करू नका. त्या पुसा आणि वापरा. आणि चारचौघे 'वा' म्हणाले तरी आपल्याला दिसले नाही, तर तसे सांगा. त्या खोलीत नऊ सदस्य होते. 'दिसत नाही' म्हणायला एकच तयार झाली, आणि तेवढी पुरली.