बोटानं सरकणारं टेबल

निघोज्यातल्या आदिनाथशेठच्या शेडमध्ये त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या शेडमधले ऑपरेटर काम सोडून आले होते, गावातल्या बायका नारळ आणि ओटीची ताटं घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा एकाच मशीनवर. गेनू भगतानं हळदीत बुडवलेलं बोट चारशे किलोच्या लोखंडी टेबलाला लावलं, डोळे मिटले आणि टेबल निघालं. ना घरघर, ना खडखड. वीतभर, हातभर, थेट टोकापर्यंत गेलं.

"मशीन बंद हाय, बघून घ्या," गेनू म्हणाला. "म्या न्हाई ढकलत. म्हसोबा ढकलतोय."

बायकांपेक्षा ऑपरेटरच जास्त हादरले, आणि त्याला कारण होतं. बंद मशीनचं टेबल हातानं हलत नाही, हे त्यांनी वीस-वीस वर्षं खांदे लावून अनुभवलं होतं. टेबलाखाली लांब स्क्रू असतो, तो धरून ठेवतो. ज्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही त्याला वाटलं असतं, खाली चाकं असतील. ज्यांना कळत होतं त्यांनीच हात जोडले.

ज्योतीराम सगळ्यांत पुढे बसला होता, उजवा हात गळ्यात बांधून. त्या हाताची चार बोटं याच मशीननं खाल्ली, त्याला सोळा दिवस झाले होते. तो टेबलावरचा तयार जॉब, कापून झालेला भाग, काढत असताना लाइट गेली आणि वरचं डोकं, कटर फिरवणारं ते अवजड धूड, कुणी बटण न दाबता त्याच्या हातावर उतरलं. बटण न दाबता, एवढंच गेनूला पुरलं. शेडखाली म्हसोबाचा दगड गाडला गेलाय, देवाला रगत पाहिजे होतं, ज्यानं चूक केली त्याचंच घेतलं, असा निवाडा झाला.

चूकही सापडली. अमावस्येला मटण खाऊन मशीनला हात लावला. तो राहायचा त्या काळेवाडीत रविवारी कुणाकडे मटण शिजत नाही? पण अमावस्या नेमकी त्या रविवारी होती, तो जेवून जादा पाळीला आला होता आणि बोटं त्याचीच गेली होती. तेव्हापासून तो बायकोच्या, यशोदाबाईच्या नजरेला नजर देत नव्हता. लातूर सोडून आल्यापासून बावीस वर्षांत एवढी लाज त्यानं कधी सोसली नव्हती.

आज त्यानं चारचौघांत चूक कबूल करायची आणि समर्थनं मशीन चालू करायचं, असं ठरलं होतं. दोन मुलींचा बाप असलेला समर्थ ज्योतीरामकडेच काम शिकला होता. तो हातमोजे घालून तयार उभा होता.

"म्हण बाबा, चुकलं," गेनू म्हणाला. "मंग दुसऱ्याच्या हाताला धक्का लागायचा न्हाई."

ज्योतीराम उठला. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा, भाऊ."

मेंटेनन्सची मिनल. दहा वर्षं या शेडची मशीन दुरुस्त करणारी, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं मेन स्विच वर केला, मशीन चालू केलं. "बाबा, आता सरकवा."

गेनूनं बोट लावलं. मग तळहात. मग खांदा. टेबल जागचं हललं नाही.

"करंट असल्यावर देव कसा चालंल?"

"आमच्या घरी करंटही आहे आणि देवही आहेत," मिनल म्हणाली. तिनं स्विच खाली ओढला, करंगळी लावली आणि टेबल सरकलं. "याला बाकीच्या मशीनसारखा स्क्रूच नाही. लिनियर मोटर आहे. खाली लोहचुंबकाची पट्टी, वर तारेची कॉइल, मधे फट. वीज आहे तोवर ती टेबल धरून ठेवते. वीज गेली की धरायला कुणी नाही. काल शेठनी तुम्हाला हेच दाखवलं, बाबा, तेव्हा मी पॅनेलमागं होते."

मग तिनं एका ताटातला नारळ उचलून डोक्याखाली ठेवला. वीज चालू करून डोकं वर नेलं, सगळ्यांना मागं सरकवलं आणि पुन्हा स्विच पाडला. डोकं धाडकन खाली आलं. नारळाचा चुरा झाला, पाणी टेबलावरून ओघळलं. यशोदाबाईनं तोंड फिरवलं.

"याचीही तीच मोटर," मिनल म्हणाली. "आडवं टेबल जागेवर राहतं, उभं डोकं खाली येतं. म्हणून तिथं ब्रेक असतो. तो झिजलाय. अपघाताआधी महिनाभर मशीन स्वतःच अलार्म देऊन थांबत होतं."

"मिनल, पुरे," आदिनाथशेठ म्हणाले.

"ऑर्डर अडते म्हणून शेठनी अलार्म बंद करायला सांगितला. त्याची तार मी काढली, भाऊ. याच हातानं. नोकरीच्या भीतीनं सोळा दिवस गप्प बसले."

ज्योतीराम तिच्या हाताकडे बघत राहिला. पाचही बोटं जागेवर होती. आपण पापी नव्हतो, हे आधी मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. मग संताप आला, शेठचा, तिचा, आणि अमावस्या मोजत बसलेल्या स्वतःचा. बोटं तर परत येणार नव्हतीच.

समर्थनं हातमोजे काढले. गेनू कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही.

शेजारच्या शेडमधला एक ऑपरेटर हळूच म्हणाला, "आमच्या मशीनचापण एक अलार्म बंद केलाय, राव. कशाचा, ते कधी विचारलं न्हाई."

"देवाला कौल लावू नको," ज्योतीराम म्हणाला. "आत्ता जा आन् विचार. हात हायेत तवर विचार."