सरकारचा नवस

मी रहाट. माझ्या कुरकुरीला बोलणं म्हणायचं असेल, तर घटकाभर ऐका.

कुरुंद्याच्या सुतारानं मला बाभळीतून घडवलं. औंढ्याच्या वाटेवरच्या एका गरीब खेड्यात ग्रामसुधार कमिटीनं मला बारवेच्या काठावर उभं केलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावात घरोघरी नारू, पायाच्या कातडीतून दोऱ्यासारखा बाहेर येणारा जंत. नारू झालेल्या पायांनी बायका पायऱ्या उतरत, पाण्यात शिरत, आणि तेच पाणी सारं गाव पिई. वरूनच पाणी शेंदलं तर रोग हटेल, एवढंसंच माझं काम.

पण कमिटीला काम नको होतं, समारंभ हवा होता. मला लाल फीत बांधून कमिटीचे साहेब म्हणाले, "मोठे साहेब येऊन सोडतील. तोवर हात लावू नका." मोठे साहेब वसमतपर्यंत आले, जेवले आणि परत गेले.

फीत राहिली. गावाला वाटलं, हा सरकारचा नवस. फिटल्याशिवाय गाठ सोडायची नसते. मग बायकांनीही आपापले धागे मला बांधले. तातेराव पाटील नारळ फोडून गेले. पाणी काढायला आलो होतो, देव होऊन बसलो. हलायचं नाही, काही करायचं नाही. असली नोकरी साहेबालाच शोभते.

एके सकाळी मदीनाबी पाय ओढत आली. तिच्या घोट्यातून नारू डोकावत होता. तिच्याऐवजी लेक जैनब घागर घेऊन पायरी उतरू लागली.

"थांब पोरी," मदीनाबी म्हणाली आणि कमरेचा विळा काढून माझ्याकडे वळली.

"काहून वं मदीनाबी? सरकारचा नवस मोडती का?" पाण्याला आलेली पार्वतीबाई ओरडली.

"सरकारनं मागितलं काय, ते तर सांग!"

"आमाला काय ठाव?"

"मग मी मागते. माझ्या लेकीचे पाय." तिनं फीत कापली, धागे कापले, माझ्यावरून कासरा टाकला. मी कुरकुरलो आणि फिरलो. घागर वर आली.

पार्वतीबाईनं आपली घागर पुढं सरकवली. मग हळूच म्हणाली, "माझी बी भर की."

पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकून ती वाट बायकांनीच बुजवली. पायऱ्या बंद करायला कमिटी बांधणार होती ती भिंत अजून यायचीच आहे. जैनबचे पाय मात्र आजवर नितळ आहेत.

आता निजामाचं राज्य गेलं. परवा नवे साहेब आले. टोपी नवी, फीत तीच लाल. म्हणे, माझं उद्घाटन राहिलंय. तोवर हात लावू नका.

बाबांनो, मला फीत नको, वाटीभर तेल द्या. आणि गाठ मारायचीच असेल, तर सैल मारा. मदीनाबीचा विळा आता बोथट झालाय.