डावी काडी

“पडला,” वडील म्हणाले आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा चष्मा काउंटरवर ठेवला.

चष्मेवाल्याने तो उजेडात धरला. बावीस वर्षं याच स्टुलावर बसून त्याने मोडके चष्मे दुरुस्त केले होते आणि लोकांच्या थापाही ऐकल्या होत्या. स्वतः चष्म्यावर बसायचं आणि नाव कुत्र्याचं घ्यायचं, अशी गिऱ्हाइकं कमी नव्हती. पण चष्मा पडला की काचेला ओरखडा येतोच. या काचा स्वच्छ होत्या. डावी काडी तेवढी आत दुमडून बिजागरीपाशी तुटली होती.

सहा महिन्यांतली ही तिसरी वेळ. मागच्या खेपेला त्याने सवयीने थट्टा केली होती, “काय साहेब, कन्यारत्न चष्म्याशी कुस्ती खेळतं का?” वडील हसले होते. आठ वर्षांची ती मुलगी हसली नव्हती. ते आठवून आज त्याला स्वतःचीच लाज वाटली.

वडिलांचा फोन वाजला, तसे ते बाहेर गेले. त्याने नवी काडी बसवली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर घालून बघायला हात पुढे केला. मुलीने डोळे गच्च मिटून मान खांद्यांत ओढली.

“अगं, काही नाही करत मी. हं, आता दिसतंय नीट?”

“हो.” ती जरा खुलली. “काका, तुमच्या मिशीत एक पांढरा केस आहे.”

“एकच? मग नंबर वाढवायला हवा तुझा.”

ती खुदकन हसली. तेवढ्यात पायरीवर बूट वाजले. हसू जागीच विरलं. तिने झटकन चष्मा काढून डबीत ठेवला.

“का काढलास गं?” त्याने हळूच विचारलं.

“बाबा आले की काढून ठेवते. मग तुटत नाही.”

वडिलांना चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण त्याची भरपाई घरी गेल्यावर तिलाच करावी लागली असती. “झालं साहेब,” एवढंच तो म्हणाला.

ते गेल्यावर त्याने सुट्या भागांचा खण उपसला. जुनी काडी तो कधी टाकत नसे. मागच्या दोन्ही सापडल्या. दोन्ही डाव्या, दोन्ही आत दुमडलेल्या. त्याने तिसरी शेजारी ठेवली.

“बापाला मुलं घाबरतातच,” आतून सगळं ऐकलेली त्याची बायको काउंटर पुसताना म्हणाली. “तुम्ही नव्हता घाबरत मामंजींना?”

“घाबरायचो, काही उपद्व्याप केला असला तर. ही काही न करताच घाबरते गं.”

“आणि तसं काही नसलं तर?”

“तर मी मूर्ख ठरेन. ठरू दे.”

मुलांच्या मदतीसाठीचा नंबर त्याने शोधून काढला. केसाएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं आज आकडे चुकत होती. तिसऱ्यांदा फोन लागला. जे पाहिलं-ऐकलं तेवढंच त्याने पलीकडच्या बाईंना सांगितलं, पदरचं काही घातलं नाही.

“माझं नाव कळलं तरी चालेल, बाई. पण पोरीने सांगितलं, हे घरी कळता कामा नये. तेवढं सांभाळा.”

“सांभाळू. तुम्ही मुलीचे कोण लागता?”

त्याने समोरच्या तीन काड्यांकडे पाहिलं.

“मी तिचा चष्मा दुरुस्त करतो,” तो म्हणाला.