दुसऱ्या बाईंचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. मित्रांनो, खुर्चीची कहाणी तुम्ही ऐकली असेल, पण स्टुलाला कोण विचारतो? मला ना पाठ, ना हात. माणूस माझ्यावर टेकतो तोही उठायच्या तयारीनेच. सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला केले, त्यामुळे माझा एक पाय आखूड राहिला. त्याखाली कागदाची घडी घालावी लागते. बरीच वर्षे माझ्यावर चढून दिवे बदलायचे आणि जळमटे काढायची, एवढाच माझा शाळेला उपयोग होता.

मग पहिलीच्या वर्गात दुसऱ्या बाई आल्या. त्या वर्गातली मुले घरी एक भाषा बोलत आणि शाळा त्यांना दुसरीच शिकवी. शाळेच्या भाषेच्या बाई आधीपासून होत्या. त्या थोरल्या बाई झाल्या. घरच्या भाषेच्या बाई नव्या आल्या, त्या धाकट्या बाई. वर्ग एक, फळा एक आणि खुर्चीही एकच. म्हणून मला अडगळीतून काढून पुसण्यात आले.

सुरुवातीला दोघींचे जरा चुकलेच. थोरल्या बाई एक वाक्य बोलत, की लगेच धाकट्या बाई तेच घरच्या भाषेत सांगत. महिन्याभरात मुले हुशार झाली. थोरल्या बाई बोलू लागल्या की ती खिडकीबाहेर बघत. आपले वाक्य मागून येणारच आहे, मग घाई कसली?

"अगं, माझं ऐकतंय कोण?" थोरल्या बाई एक दिवस थकून म्हणाल्या. "मी भिंतीशी बोलतेय."

"मग मी तेच तेच सांगणं बंद करते," धाकट्या बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबाल तिथून पुढे मी सांगेन. आणि जी बोलत नसेल, तिने मुलांत बसून ऐकायचं."

ती ऐकायची जागा म्हणजे मी. माझ्यावर बसले की डोळे मुलांच्या डोळ्यांसमोर येतात. कोणाची पेन्सिल नुसतीच फिरते, कोण शेजाऱ्याचे बघून हात वर करते, सगळे दिसते. दोघी आळीपाळीने बसत. बोलणारीपेक्षा बसणारीच जास्त दमे. उठताना तिच्या हाताचा भार माझ्यावर पडे, त्यावरून मला ते कळे.

वर्गातल्या एका मुलीला सगळे 'कुलूप' म्हणत. चार महिने तिने कोणत्याच भाषेत तोंड उघडले नव्हते. धाकट्या बाई मला रोज तिच्या बाकाशेजारी ओढून नेत. विचारत काहीच नसत, नुसत्या बसत.

एक दिवस तपासणीला साहेब येणार होते. दुसऱ्या बाईंची जागा ठेवायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होते. थोरल्या बाई वजाबाकी शिकवत होत्या. तारेवर नऊ पक्षी बसले, चार उडून गेले. तेवढ्यात कुलूप वाकले आणि धाकट्या बाईंच्या कानात घरच्या भाषेत कुजबुजले, "पाच उरले. पण उडालेले परत येतात ना?"

धाकट्या बाईंचे डोळे भरून आले. आणि साहेब नेमके तेव्हाच दारात उभे होते.

त्या घाईने उठल्या. "साहेब, बसा ना."

"नको, अजून तीन शाळा व्हायच्यात," साहेब म्हणाले, आणि त्यांनी उभ्या उभ्याच लिहिले. 'वर्ग चालू असताना दोनपैकी एक शिक्षिका बसून विद्यार्थिनीशी गप्पा मारताना आढळली.'

थोरल्या बाईंनी वरती दोन पत्रे धाडली. उत्तर आले नाही. सत्र संपले आणि धाकट्या बाई गेल्या. मला वाटते, दोष माझाच होता. मी नसते तर त्या उभ्या राहिल्या असत्या, आणि उभ्या माणसाला कोणी रिकामटेकडे म्हणत नाही.

कुलूप पुन्हा बंद झाले. दोन आठवडे थोरल्या बाईंनी वाट पाहिली. मग एकदा शिकवता शिकवता त्या थांबल्या, मला ओढत त्या बाकाशेजारी नेले आणि बसल्या. धाकट्या बाईंनी जाताना त्यांना सगळे सांगितले होते. मोडक्यातोडक्या घरच्या भाषेत त्यांनी हळूच विचारले, "उडालेले परत येतात ना?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती शाळेच्या भाषेत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणाली, "सगळे नाही येत, बाई."

तेव्हापासून दोघींचे काम एकट्या थोरल्या बाई करतात. फळ्याशी उठतात, माझ्यावर बसतात, पुन्हा उठतात. दिवसभर नुसत्या उठाबशा. त्यांचे गुडघे कुरकुरतात, माझे सांधे कुरकुरतात. माझ्या आखूड पायाखाली हल्ली त्या अहवालाची घडी असते. निदान एवढ्या तरी कामी तो आला.

मित्रांनो, मी थकले आहे, फार मागत नाही. कोणी नुसते बसलेले दिसले, तर लिहिण्याआधी घटकाभर त्याच्या जागी बसून बघा. साहेब त्या दिवशी दोन मिनिटे टेकले असते, तर त्यांनाही ऐकू आले असते. धाकट्या बाई उठल्याच होत्या. मी रिकामेच होते.