उजव्या दारातला स्पीकर

मित्रांनो, जीपच्या उजव्या दारात खाली जी काळी जाळी दिसते, तिच्यामागे मी राहतो. मी एक जुना स्पीकर आहे. गाडी तयार झाली तेव्हाच मला इथे बसवले. माझा पडदा कागदाचा आणि आवाज बेताचा. आमची जीप पाथर्डीच्या आसपासच्या वस्त्यांवरून माणसे आणते. चालवतो वैजनाथ.

वैजनाथला गाण्यांची भारी हौस. गाण्याचे सगळे सामान एकदम बदलणे जमणारे नव्हते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने बदलत गेला. आधी ब्लूटूथचा नवा टेप आला. त्याने एक चांगले काम केले. चौथीतली पूजा रोज आमच्या जीपने शाळेत जाते. तिचे आईवडील दिवाळीनंतर राहुरीकडे ऊसतोडीला जातात. ती आजीजवळ राहते. आजीकडे फोन नाही. म्हणून आई दर सोमवारी वैजनाथच्या मोबाईलवर निरोप बोलून पाठवते. तो मोबाईल पाण्यात पडल्यापासून मुका आहे. पण टेपला जोडला की आई आमच्यातून बोलायची. "जेवलीस का गं?" असे ऐकू आले की पूजा मान डोलवायची.

पुढे डाव्या दारातला माझा जोडीदार गेला आणि तिथे नवा स्पीकर आला. तो वैजनाथने स्वतःच जोडला. पूर्वी तो लग्नाच्या मांडवाला दिव्यांच्या माळा लावायचा. बल्बाच्या दोन तारा कशाही जोडल्या तरी बल्ब लागतो. त्याला वाटले, स्पीकरचेही तसेच. पण आमच्या तारांना अधिक-उणे असते. त्या उलट जोडल्या गेल्या. नवा स्पीकर हवा पुढे ढकलायचा, तेव्हा मी मागे ओढायचो. आम्ही एकमेकांचा आवाज खाऊ लागलो. मला ते कळत होते. पण मी सांगणार कसे? आत येईल तेवढेच मी बाहेर सोडतो.

दणका कमी पडतो म्हणून वैजनाथने अँप्लिफायर आणला, आणि मग मागच्या बाकाखाली बेसचा मोठा डबा. घोडेगावच्या बाजाराला निघालेले भिमाजीबाबा बाक थरथरताच पाय वर घेऊन बसले.

"भाड्यातच कंबर चोळून देतो व्हय रं?" ते म्हणाले. सगळी जीप हसली.

गाणी घुमली. आईचा आवाज मात्र पोकळ झाला, विहिरीतून आल्यासारखा.

एका सोमवारी तो ऐकून पूजाने पाठीवरचे दप्तर काढले. मग म्हणाली, "काका, आईला लई बरं न्हाई. मला शाळेत नका सोडू. राहुरीच्या गाडीत बसवा."

"अगं, बरी हाय म्हणती ना ती?"

"मला काळजी नको म्हणून म्हणती. हे दप्तर आजीला द्या."

वैजनाथ घाबरला. उसाच्या फडावर गेलेली किती तरी मुले त्या वर्षी शाळेत परतत नाहीत, हे त्याने पाहिले होते. "ह्या जुन्यानंच घोळ केलाय," म्हणत त्याने माझ्या जाळीवर थाप मारली आणि जीप थेट रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या हैदरभाईंच्या दुकानापुढे उभी केली.

"हा काढून टाका, भाई."

हैदरभाईंनी मला फेकले नाही. त्यांनी घड्याळातला सेल काढून माझ्या तारांना टेकवला. माझा पडदा पुढे आला. मग तसाच नव्याच्या तारांना टेकवला. त्याचा पडदा आत गेला.

"वैजूभाऊ, म्हातारा ठणठणीत आहे," ते हसत म्हणाले. "तुम्ही स्पीकर जोडला का मांडवाची माळ?"

वैजनाथ कान खाजवू लागला. हैदरभाईंनी नव्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, बेस कमी केला आणि आईचा निरोप पुन्हा लावला. आता आवाज समोरच्या काचेपाशी आला, जणू आई तिथेच बसली आहे. निरोपाच्या शेवटी कोणीतरी तिला उसाची मोळी उचलायला हाक मारली. "आले गं, ओरडू नको!" आई मोठ्याने म्हणाली. इतके दिवस असले काही ऐकूच आले नव्हते.

पूजाने दप्तर पाठीला लावले. "काका, चला की! घंटा व्हईल."

मित्रांनो, कधीतरी माझ्याही जागी नवा स्पीकर येईल. माझी तक्रार नाही. नव्या वस्तूची हौस जरूर करा. पण जुन्याला दोष देण्याआधी एकदा तपासून पाहा. आणि माझ्या जागी जो येईल, त्याच्या तारा तेवढ्या नीट पाहून जोडा. सोमवारी त्याच्यातून पूजाची आई बोलणार आहे.