लाल फुलीखालचा फोटो

बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले आणि आईने लेकीकडे एकच गोष्ट मागितली. "त्यांचा ग्रंथालयातला एक फोटो दे. घरातले पुष्कळ आहेत, पण त्यांचा सगळा जीव तिथे होता."

बाबा त्या ग्रंथालयात एकतीस वर्षं शिपाई होते. त्या इमारतीचे लेकीने दोनशेवर फोटो काढले होते, आणि त्यातल्या एकातही बाबा नव्हते.

हे खूळ एका पुस्तकातून आलं होतं. इमारतींचे फोटो काढणाऱ्या एका थोर फोटोग्राफरचं ते पुस्तक तिने पाहून पाहून खिळखिळं केलं होतं. त्याच्या फोटोंत माणूस औषधालासुद्धा सापडत नसे. नुसते खांब, जिने आणि कोपऱ्याकोपऱ्यातून आपसूक आल्यासारखा उजेड. युक्ती साधी होती. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवायचा आणि तेवढ्यात एकाने दिवा घेऊन आतून फिरायचं. कपडे काळे, दिव्याचं तोंड भिंतीकडे. चालणारा माणूस फोटोत उमटत नाही. थांबला, की उमटलाच.

फिरणार कोण? बाबा होतेच की घरचे! सुट्टीच्या दिवशी किल्ल्या खुळखुळवत हजर. "इतकी वर्षं साहेबांना दिसलो नाही, तुझ्या कॅमेऱ्याला काय दिसणार," म्हणत काळा कोट चढवायचे. फोटो झाला की एकच प्रश्न, "दिसलो नाही ना गं?" नाही म्हटलं की स्वारी खूश.

पुढे तिचं नाव झालं. काय उजेड पकडता हो, असं लोक म्हणायचे, आणि ही मान डोलवायची. दिवा कुणाच्या हातात होता, ते एकदाही बोलली नाही. आता त्याची तिला लाज वाटत होती.

तिने सगळे खोके उपसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका कॉन्टॅक्ट शीटवर, अख्ख्या रोलचे चिमुकले फोटो एकत्र छापलेल्या त्या कागदावर, तिचा हात थबकला. जिन्याच्या मधोमध बाबा. एका हाताने कठडा धरलेला, दिवा गुडघ्याशी टेकलेला, चेहरा स्वच्छ उमटलेला. वरून लाल पेन्सिलची ठसठशीत फुली आणि बाजूला तिच्याच अक्षरात, "बाद. बाबा थांबले."

तिला सगळं आठवलं. "जरा दम लागला गं," ते म्हणाले होते. ती फणकारली होती, "दोन मिनिटं तर चालायचं होतं, बाबा!" ते ओशाळं हसले आणि पुन्हा खालच्या पायरीपासून चालू लागले. तो दम साधा नव्हता, हे चार महिन्यांनी कळलं. बाद निगेटिव्ह ठेवायची नाही, हा त्या फोटोग्राफरचा नियम. तिने ती त्याच दिवशी कापून टाकली होती. आता मोठा फोटो कुठूनच निघणार नव्हता.

तिने तो कागद तसाच आईपुढे ठेवला. आईने तो डोळ्यांजवळ नेला, बोट ओलं करून फुलीवर घासलं. फुली हलली नाही.

"ही कुणी मारली?"

"मी."

आई काही रागावली नाही.

"किती दमलेत गं," ती म्हणाली. "जरा बसा, असं नाही का म्हणालीस?"